अक्कलकोट रोड, एकास सत्त्याऐंशी

अक्कलकोट रोड हे स्टेशन अक्कलकोटात नाही. स्वामींच्या दर्शनाला पहिल्यांदा रेल्वेने येणाऱ्या माणसाला हे फलाटावर पाय ठेवल्यावर कळतं. पुढे सुमारे ११ किलोमीटर रिक्षा, जीप, नाहीतर एसटी. रेल्वेच्या भाषेत नावाला 'रोड' चिकटलं की समजायचं, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. याच मार्गावर पुढे गाणगापूर रोड आहे. आणि मागे सोलापूर ओलांडून पुण्याच्या दिशेला जे कुर्डुवाडी आहे, त्याचं जुनं नाव बार्शी रोड.

या ११ किलोमीटरनी मला सध्या छळलंय, कारण ते मला एका खोलीत बसवायचे आहेत. आमच्या घरात माडीवर १० बाय १२ची एक खोली आहे. पूर्वी तिथे ज्वारीची पोती असायची, आता काही नसतं. त्या खोलीत मी मॉडेल रेल्वे बांधतेय. खेळण्यातली नव्हे, मापातली. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. जगात सगळ्यात जास्त चालणारं हे प्रमाण, त्याला एचओ म्हणतात. या हिशेबाने ११ किलोमीटर म्हणजे १२६ मीटर. म्हणजे स्टेशन माझ्या खोलीत ठेवलं, तर अक्कलकोट गाव खिडकीतून बाहेर, गल्ली ओलांडून, पिठाच्या गिरणीच्या पलीकडे कुठेतरी पडतं.

रूळ टाकायच्या आधी मात्र जमीन लागते. मॉडेलवाले तिला बेसबोर्ड म्हणतात. म्हणजे ज्या पाटावर रूळ, स्टेशन, झाडं, डोंगर सगळं उभं राहतं तो पाट आणि त्याखालची लाकडी चौकट. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १ एप्रिल १९९८ला ते सुरू झालं, प्रमाण हेच, एकास सत्त्याऐंशी. तिथे आपण गाड्या बघतो, सिग्नल बघतो, दिवे लागले की 'आऽऽ' करतो. फळी कुणी बघत नाही. ती दिसू नये अशीच केलेली असते. पण या छंदाचा इतिहास चाळायला लागले, तेव्हा मला गाड्यांपेक्षा फळीचीच गोष्ट जास्त रंगतदार वाटली.

सुरुवातीला फळी नव्हतीच. खेळण्यातल्या गाड्या जमिनीवर धावायच्या. १८९१मध्ये लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने ठरावीक मापाचे रूळ मांडले आणि त्या मापांना आकडे दिले. एकदा संच घेतला की पुढच्या वाढदिवसाला आणखी रूळ, त्याच्या पुढच्या वर्षी एक सांधा, असं वाढवत न्यायचं. धंद्याची अक्कल म्हणून हे थोरच. पण या गाड्या मोठ्या होत्या, त्यांना दिवाणखाना लागायचा आणि रात्री आवरून खोक्यात भरायला लागायच्या. म्हणजे रोज रात्री रेल्वे बंद, रोज सकाळी नवी रेल्वे. अशा रेल्वेला भूगोल नसतो.

भूगोल आला तो माप लहान झाल्यावर. १९२२मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने इंग्लंडच्या बॅसेट-लोकसाठी एक छोटी गाडी काढली. तिचं नावच 'टेबल रेल्वे'. पुढे १९३५मध्ये ट्रिक्स आणि १९३८मध्ये हॉर्नबी डब्लो आली. 'ओ' गेजचं निम्मं ते हाफ-ओ, म्हणून एचओ. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आता गाडी जेवणाच्या टेबलावर मावायला लागली. टेबलावर मावली म्हणजे फळीवर खिळता आली, आणि खिळली म्हणजे तिच्या बाजूला घर बांधता आलं, ओढा काढता आला. जमिनीवरून उचलली आणि मगच तिला जमीन मिळाली.

पण ओढा काढायचा तर फळी सपाट असून चालत नाही. खरी जमीन रुळाच्या वरही असते आणि खालीही. भराव असतो, कटिंग असतं, पूल असतो. सपाट प्लायवर कितीही भुसा चिकटवला तरी तो टेबलच दिसतो. यावर अमेरिकेत 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६०च्या दशकात एक युक्ती लोकप्रिय केली. दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून इंग्रजी एल आकाराची तुळई करायची. अशा दोन तुळयांवर आडव्या पट्ट्या टाकायच्या, त्यांवर हव्या त्या उंचीचे खुंट, आणि खुंटांवर फक्त रुळापुरती प्लायची पट्टी. बाकी सगळं मोकळं. गंमत पुढे आहे. सगळे स्क्रू खालून मारायचे. म्हणजे वर डोंगर झाला, झाडं लागली, आणि मग वाटलं की रूळ दोन इंच सरकवावा, तरी वरचं काही न उखडता खालून स्क्रू काढून खुंट हलवता येतो.

फळीखालून विचार करणारी माणसं वेगळीच असतात, याचा सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या हातातल्या फोनपर्यंत येतो. १९४६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. क्लबात लवकरच दोन जाती पडल्या. एक गट वर काम करायचा, डबे रंगवायचा, डोंगर घडवायचा. दुसरा गट फळीखाली सरपटत असायचा. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजचं सामान मिळवून गाड्यांच्या नियंत्रणाचं असं जाळं विणलं, की त्यांना वरच्या गाड्यांपेक्षा खालच्या तारांचंच वेड लागलं. एखादी करामत हुशारीने, थोड्या वाकड्या वाटेने, नुसत्या हौसेखातर करणं याला ते 'हॅक' म्हणायचे, आणि करणाऱ्याला 'हॅकर'. १९५९मध्ये क्लबच्या पीटर सॅमसनने जो शब्दकोश केला, त्यात हा शब्द आहे. याच मंडळींच्या हाती पुढे संकगणक लागला. १९६२चा 'स्पेसवॉर' हा जगातल्या पहिल्यावहिल्या संगणकी खेळांपैकी एक. तो करणारे स्टीव्ह रसेल आणि त्याचे साथीदार याच क्लबच्या आसपासचे. हॅकर या शब्दाचा उगम बँक खाती फोडण्यात नाही, खेळण्यातल्या रेल्वेच्या फळीखाली आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. एकास सत्त्याऐंशीने भागाकार करायला बसलं की सोलापूर जिल्ह्याचा रेल्वे-इतिहास फारच अडचणीचे प्रश्न विचारतो.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला सुटली. त्याआधीच हिंदुस्थानात रुळांमधलं अंतर किती ठेवायचं यावर खल झाला होता. लॉर्ड डलहौसीला सहा फूट हवं होतं, शेवटी साडेपाच फूट ठरलं, म्हणजे १६७६ मिलिमीटर. जीआयपी कंपनीचा हा रुंद रूळ पुण्याहून दौंड, कुर्डुवाडी, मोहोळ करत १८६०मध्ये सोलापूरला पोचला. तिथून पुढे तो रायचूरला जाऊन १८७१मध्ये मद्रासकडून येणाऱ्या रुळाला भिडला. मुंबई आणि मद्रास जोडणारी ही रेघ आपल्या शेजारून गेली. अक्कलकोट तेव्हा भोसल्यांचं संस्थान होतं, स्वामी समर्थ हयात होते (त्यांनी १८७८मध्ये समाधी घेतली). रेघेला मद्रास गाठायचं होतं. आमच्या वाट्याला 'रोड' आला.

दरम्यान १८७०मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्च वाचवायला मीटर गेज आणलं. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर धान्य हलवायला रेल्वे हवी म्हणून सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली, आणि १८८४मध्ये तिचा मीटर गेज मार्ग गदगहून होटगीला आला. होटगी म्हणजे अक्कलकोट रोड आणि सोलापूर यांच्या मधलं जंक्शन. आणि १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी नॅरोगेज. तीन मापं, एकाच जिल्ह्यात. सोलापूरच्या मालधक्क्यावरच्या हमालाने जेवढी पोती एका वाघिणीतून दुसरीत टाकली असतील, त्याला या गेजच्या गोंधळाचा इतिहास शिकवायची गरज नव्हती.

माझ्या फळीवर या तिघींचं काय होतं बघा. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर भागिले ८७, म्हणजे सव्वाएकोणीस. पण बाजारात एचओचा रूळ मिळतो साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या मापाला जुळवलेला. म्हणजे माझी उद्यान एक्सप्रेस प्रत्यक्षातल्या साडेनऊ इंचांनी अरुंद रुळावर धावणार. मीटर गेज, साडेअकरा. बाजारात बारा मिळतो, चालेल. आणि नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७, म्हणजे पावणेनऊ. एन गेज नावाच्या आणखी छोट्या गाड्यांचा नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर मिळतो. जवळपास नेमका.

वळणांचंही तसंच. भारतीय ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाला १० अंशांची मर्यादा आहे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. भागिले ८७, दोन मीटर. पूर्ण वळसा घ्यायला चार मीटर रुंद खोली हवी, माझी तीन मीटर आहे. नॅरोगेजला परवानगी ४४ मीटरपर्यंत. फळीवर ५० सेंटिमीटर. आरामात. चोवीस डब्यांची आजची एक्सप्रेस मापात केली तर जवळपास सात मीटर लांब होते, खोलीची लांब भिंत साडेतीन मीटरपेक्षा थोडीच जास्त. बार्शी लाइटची गाडी मात्र इंजिन-डबे सगळे मिळून एका फळीवर बसते. जी रेल्वे मोडीत निघाली, तीच माझ्या खोलीत खरी मावते.

ही गाडी ज्याने घातली, त्या माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७. १८८२मध्ये तो जीआयपीत नोकरीला आला. बार्शी ही कापसाची, तेलबियांची पेठ, पण रेल्वेपासून सुमारे ३५ किलोमीटर दूर, आणि मधे बैलगाड्या. म्हणजे आमच्यासारखंच, फक्त तिप्पट दूर. कॅलथ्रॉपच्या डोक्यात आलं की इथे स्वस्त, अरुंद रेल्वे चालेल. परवानग्या आणि पैसा जमवता जमवता बरीच वर्षं गेली. १८९५मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली आणि दोन वर्षांनी गाडी सुरू झाली.

त्याची खरी करामत रुळाखालची. तेव्हा अरुंद रेल्वे म्हणजे दुय्यम, डुगडुगणारं काहीतरी, असा समज होता. कॅलथ्रॉपने उलटा विचार केला. आधी ठरवलं की जमिनीवर आणि रुळावर एका आसाचा भार ५ टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचा नाही. इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, सगळ्यांना हाच नियम. भार वाढवायचा तर आस वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला आठ जोडलेल्या चाकांची इंजिनं करून दिली. डबे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे, वजनाला हलके आणि मालाला मोठे. सगळा भार असा सारखा वाटला गेल्यावर यार्डाला ३० पौंडांचा हलका रूळ पुरला, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गावर ६० किलोचा रूळ असतो. हे सगळं सामान इकडे पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवलं. त्याच्या या विचारातूनच पुढे १९०४मध्ये इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची चिमुकली रेल्वे झाली. बार्शीहून स्टॅफर्डशायरला. नेहमीच्या उलट दिशेने गेलेली ही कल्पना आपल्याकडे कुणी फारशी मिरवत नाही, याचं मला नवल वाटतं. (हाच गृहस्थ नंतर विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्यांच्या मागे लागला. १९१०मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान पडून गेला होता. छत्रीला त्याने नाव दिलं 'गार्डियन एंजल'.)

बार्शी लाइट पुढे १९०६मध्ये पंढरपूरला, १९११मध्ये निजामाच्या मुलखातल्या लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोचली. एकंदर ३२५ किलोमीटर. १९५४मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात तुकड्यातुकड्याने नॅरोगेज बंद होत गेली, तिच्या जागी रुंद रूळ आले. ते यायलाच हवे होते. लातूरच्या माणसाला थेट मुंबईची गाडी मिळाली, त्याला कुणी स्मरणरंजन ऐकवू नये. पण वारीच्या दिवसांत वारकऱ्यांनी ओसंडून वाहणारी ती गाडी बघितलेली माणसं आता कमी होत चाललीत.

आता फळीवरचा खरा पेच. बार्शी रोडवरून बार्शीला अरुंद रेल्वे गेली. मग अक्कलकोट रोडवरून अक्कलकोटला का नाही? माझ्या फळीवर ती घालायला मला कोण अडवतंय? ११ किलोमीटर, नऊ मिलिमीटरचा रूळ, किटसनचं इंजिन, आणि शेवटी राजवाड्याच्या बाजूला एक टुमदार टर्मिनस. फार मोह होतो.

या छंदात दोन घराणी आहेत. लंडनच्या जॉन अहर्नने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मॅडर व्हॅली नावाची रेल्वे बांधली, पूर्णपणे मनातली, कुठल्याच नकाशावर नसलेली. दुसरीकडे रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५मध्ये इंग्लंडात आला. खेड्यातली गवती छपरांची घरं डोळ्यांदेखत पाडली जाताना बघून त्याने ती मापात करून ठेवायला घेतली. होती तशी, विटेला वीट. १९५४मध्ये त्यातून ऑक्सफर्डशायरमधलं पेंडन संग्रहालय उभं राहिलं. मजा म्हणजे अहर्नची मॅडर व्हॅली आज त्याच पेंडनमध्ये ठेवलेली आहे. एकाच छपराखाली जे होतं ते आणि जे कधीच नव्हतं ते.

माझं मन शेवटी इंग्लंडसाहेबांच्या बाजूला झुकलं. अक्कलकोटला रेल्वे आली नाही हीच तर इथली गोष्ट आहे. त्या ११ किलोमीटरवर बैलगाड्या चालल्या, टांगे चालले, मग एसटी आली, आता वडापच्या जीपा आणि रिक्षा. माझ्या फळीवर खोटं टर्मिनस उभं राहिलं की ही सगळी चाकं पुसली जातात. म्हणून भिंतीच्या लांबीला अक्कलकोट रोड, ब्रॉडगेज, जमेल तितकं सरळ. स्टेशनच्या मागे मुरमाचा रस्ता, तो फळीच्या कडेपर्यंत जाईल आणि संपेल. कोपऱ्यापलीकडच्या फळीवर कुर्डुवाडी, तिथे रुंद आणि अरुंद रूळ शेजारी शेजारी, आणि मधे पोती उतरवायचा धक्का. दोन्हींच्या मधे ९० किलोमीटरहून जास्त अंतर आहे ते मी दोन फुटांत उडवणार आहे. तेवढी सूट इंग्लंडसाहेबही देतील.

काम सुरू आहे. आठ बाय चारच्या प्लायचे चार-चार बाय दोन फुटांचे तुकडे, म्हणजे एका माणसाला उचलता येतात आणि जिन्यातून जातात. एमडीएफ स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात ओल धरली की फुगतो, म्हणून १२ मिलिमीटरचा आयएस ३०३ शिक्क्याचा प्लाय घेतला. चौकट त्याच प्लायच्या तीन इंची पट्ट्यांची. प्लायची पट्टी साध्या लाकडासारखी पिळत नाही, आणि सोलापूरच्या उन्हात हे महत्त्वाचं. ज्या मिस्त्रीमामांकडून पट्ट्या कापून आणल्या, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय करालाव ताई हे, पलंग का?" रेल्वेची जमीन आहे म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासून दिला, आणि खाच बसेपर्यंत पटाशी खाली ठेवली नाही. फळी वाकडी असली तर गाडी तिथेच उतरणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

दोन फळ्या जोडताना नुसते बोल्ट पुरत नाहीत. बोल्टाला भोकात थोडी हालचाल असते आणि अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी नऊ मिलिमीटरच्या रुळाला तो दरीसारखा. म्हणून दोन्ही चौकटींत पितळी खुंट्या बसवल्या, एकीत नर, एकीत मादी. बोल्ट फक्त आवळायला. रुळांच्या सांध्यांत फट सोडायची आहे. साडेतीन मीटरचा निकेल-सिल्व्हरचा रूळ हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला, तर पावणेदोन मिलिमीटर वाढतो. एका जागी सोडली तर खड्डा होईल, चार सांध्यांत वाटली तर कळणारही नाही. कॅलथ्रॉपचाच हिशेब.

खोलीतली जमीन शहाबादी फरशीची. शहाबाद याच मार्गावर, वाडीच्या अलीकडे. फरशी सपाट नाही, कोपऱ्यात पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका बाजूला पळतो. त्यामुळे प्रत्येक पायाला खाली आठ मिलिमीटरचा बोल्ट, फिरवून उंची कमीजास्त करायला. उंची चार फूट ठेवलीय, म्हणजे खुर्चीवर बसलं की नजर फलाटाच्या पातळीला येते आणि गाडी वरून न दिसता समोरून येताना दिसते. आत शिरायला दाराशी एक फळी उचलायची सोय केलीय, कारण वाकून सरपटायची माझी तयारी फळीखाली तारा ओढण्यापुरतीच आहे.

रस्ता जिथे कडेला संपतो, त्या फळीचे स्क्रू मात्र मी खालून मारलेत.